जुन्या टोटल स्टेशनचा बॅटरी पॅक नव्याने भरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काकांनी वापरलेलं, वीसेक वर्षांचं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर मोजणारं जमीन मोजणीचं इलेक्ट्रॉनिक मशीन, तुमच्याकडे आलंय. दोन पॅकपैकी एक पूर्ण मेलाय. दुसरा रात्रभर चार्जिंगला लावला की सकाळी फुल दाखवतो, पण शेतात जाऊन प्रिझमवर (समोरच्या बिंदूवर धरलेल्या, किरण परत पाठवणाऱ्या काचेवर) चार-पाच अंतरं घेतली की मशीन बंद पडतं. पॅकवर ७.२ व्होल्ट, निकेल मेटल हायड्राइड, २७०० एमएएच असं छापलंय. कंपनीचा नवा पॅक तुम्हाला कुठेच मिळाला नाही. दुकानदार म्हणतोय, त्यात लॅपटॉपचे लिथियम सेल बसवून देतो, दुप्पट चालेल. शिवाय मशीनमधली तारीख सारखी मागे जाते. आणि पॅक बदलल्यावर कॅलिब्रेशन करावं लागतं का, हेही तुम्ही विचारलंय.

आधी उत्तर सांगतो, कारणं मागून. लिथियम घालू नका. आत जे सेल आहेत त्याच जातीचे, त्याच मापाचे, सहाच्या सहा नवे सेल स्पॉट वेल्डिंगने बसवून घ्या. तारीख मागे जाते ते वेगळ्या बॅटरीमुळे. ती मशीनच्या पोटात असते, आणि तिला हात लावायच्या आधी दोन कामं करावी लागतात. ती न करता कुणालाही मशीन खोलू देऊ नका.

कोल्हापुरात मोजणीची कामं करत मला सत्तावीस वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं लोकांची जुनी मशीनंही दुरुस्त करतोय. पॅक मेला म्हणून धडधाकट मशीन भंगाराच्या भावात गेलेलं मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी जीव हळहळला आहे. वीस वर्षांपूर्वीच्या पाच सेकंदांच्या, म्हणजे कोन पाच सेकंदांइतका अचूक मोजणाऱ्या मशीनची काच, आतलं वर्तुळ, अक्ष, क्लॅम्प नीट असतील तर ते आजही पाच सेकंदांचंच मशीन आहे. गटाची हद्द, प्लॉटची आखणी, कालव्याचे क्रॉस सेक्शन, सगळ्याला ते पुरून उरतं. वाइल्ड कंपनीच्या टी-२ थिओडोलाइटला (नुसते कोन मोजणाऱ्या जुन्या मशीनला) दिवसा बॅटरीच लागत नसे, आरशाने उजेड आत घ्यायचा आणि वाचायचं. म्हणून ती मशीनं पिढ्यान्‌पिढ्या चालली. आपल्या मशीनला बॅटरी लागते, एवढाच काय तो त्याचा कमकुवत भाग, आणि तोच सगळ्यात सहज बदलता येतो.

पण पॅक फोडायच्या आधी दोष पॅकचाच आहे हे नक्की करा. माझ्याकडे बॅटरी गेली म्हणून येणाऱ्या मशीनांत काहींचा दोष नुसता कॉन्टॅक्टचा निघतो. पॅक जिथे बसतो तिथल्या पितळी पट्ट्या बघा. पांढरी किंवा हिरवट पूड दिसली तर ती जुन्या सेलमधून झिरपलेल्या अल्कलीची असते. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पॉलिश पेपरने घासू नका, वरचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात दुप्पट गंज चढतो. पॅक खाचेत सैल बसत असेल तर तेही बघा. मशीन फिरवताना क्षणभर कॉन्टॅक्ट सुटला तरी मशीन बंद पडतं आणि आपण नाव सेलचं घेतो.

त्यानंतर लोड देऊन तपासणी. नुसता मल्टिमीटर लावून काही कळत नाही, तुमची फसगत तिथेच होतेय. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दहा ओहम, दहा वॉटचा पांढरा सिरॅमिक रेझिस्टर मिळतो. पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर थंड होऊ द्या, मग पॅकच्या दोन टोकांना तो जोडा आणि व्होल्टेज बघत बसा. पाऊण अँपिअरच्या आसपास करंट वाहतो. रेझिस्टर चांगलाच तापतो, म्हणून तो फरशीच्या तुकड्यावर ठेवा. निरोगी २७०० एमएएचचा पॅक सहा व्होल्टवर यायला साधारण पावणेचार तास घेतो. तुमचा पॅक बहुतेक काही मिनिटांतच तिथे येईल.

असं का होतं, ते एका पॅकवरून दाखवतो. गेल्या वर्षी कागलकडच्या एका सर्व्हेअरचा तुमच्यासारखाच ७.२ व्होल्टचा पॅक मी उघडला. चार्जरवरून काढल्यावर एकेका सेलला मीटर लावला: १.३९, १.३८, १.३९, १.३८, १.२१, १.३९. बेरीज ८.१४ व्होल्ट. मशीन फुल दाखवणारच. मग रेझिस्टर जोडून दोन मिनिटांनी परत मोजलं: १.२७, १.२६, १.२७, १.२६, उणे ०.३५, १.२७. बेरीज ५.९८. पाचवा सेल नुसता रिकामा नव्हता, उलटा झाला होता. सेल एकापुढे एक जोडलेले असतात, त्यामुळे एकाचा दम संपला तरी बाकीचे पाच त्याच्यातून करंट ढकलत राहतात आणि त्याची ध्रुवता फिरते. तो स्वतः तर काही देत नाहीच, उलट इतरांचं खातो. मशीन नुसते आडवे-उभे कोन वाचत असतं तेव्हा करंट कमी लागतो आणि ते कसंबसं निभतं. अंतर मोजायचं बटण दाबलं की ईडीएम, म्हणजे किरण सोडून अंतर मोजणारा आतला भाग, एकदम जास्त करंट ओढतो, व्होल्टेज सहाच्या खाली जातं आणि मशीन स्वतःला वाचवायला बंद होतं. तुमच्या मशीनचं हेच चाललंय, असं लक्षणांवरून मला वाटतं.

मग तो एकच सेल बदलला तर? कागलच्या त्या गृहस्थांनीही हेच विचारलं होतं. नका करू. बाकीचे पाच त्याच वयाचे आहेत, त्यांची क्षमताही घटलेली असते. नवा सेल त्यांच्यात बसवला की पुढच्या काही महिन्यांत जुन्यांपैकी जो सगळ्यात कमजोर तो उलटतो, आणि पॅक परत फोडावा लागतो. निकेल कॅडमियमच्या जुन्या सेलला मोठा झटका देऊन आतलं शॉर्ट जाळायची एक युक्ती काही लोक सांगतात. सेल दोन दिवस जिवंत झाल्यासारखा वाटतो, पण ते शॉर्ट परत तयार होतं. शिवाय सेल फुटायची भीती.

आता लिथियमचं. दुकानदार तुम्हाला वाईट हेतूने सांगतोय असं नाही. दोन लिथियम सेल म्हणजे ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्जला ८.४, आणि तुमचा सहा सेलचा पॅकही चार्जरवरून काढला की साधारण तेवढाच असतो. आकडे जुळतात म्हणून मोह होतो. घोटाळा चार्जिंगमध्ये आहे. निकेल मेटल हायड्राइडचा चार्जर ठरावीक करंट ढकलत राहतो आणि पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित खाली येण्याची किंवा पॅक गरम होण्याची वाट बघतो. ती खूण दिसली की थांबतो. लिथियम सेल अशी खूण देत नाही. त्याला ४.२ व्होल्टवर थोपवून करंट हळूहळू कमी करावा लागतो. जुना चार्जर थोपवणार नाही, ढकलतच राहील. आत संरक्षणाचा चांगला सर्किट असेल तर तो तोडेल. तो हलका निघाला किंवा नसलाच तर सेल फुगतो, धूर काढतो आणि पेटतो.

मी हे वाचून सांगत नाही. एका साइटच्या पत्र्याच्या शेडमध्ये असा बदललेला पॅक जुन्याच चार्जरवर रात्री लावलेला होता. सकाळी मला बोलावलं तेव्हा टेबलाचा फळा आरपार जळलेला होता, चार्जर वितळून त्याला चिकटला होता आणि शेजारी ठेवलेल्या ट्रिब्राकवर (मशीन ज्यावर बसवतात त्या बैठकीवर) काजळी बसली होती. शेडमध्ये त्या रात्री कुणी झोपलं नव्हतं, हे नशीब. त्या शेडमध्ये एरवी दोन पोरं झोपायची. तेव्हापासून निकेलच्या खोळीत लिथियम मी कुणालाच भरून देत नाही, कितीही गळ घातली तरी.

दुसरी अडचण कमी धोक्याची, पण शेतात रडवणारी. मशीनचा बॅटरीचा आकडा निकेलच्या उताराप्रमाणे बसवलेला असतो. लिथियमचा उतार वेगळा असल्यामुळे तो बराच वेळ फुल दाखवतो आणि मग अचानक बंद पडतो. तुमचं मशीन सहा व्होल्टचं असतं, म्हणजे लायकाच्या जीईबी-१२१ सारख्या पाच सेलच्या पॅकवर चालणारं, तर दोन लिथियमचे ८.४ व्होल्ट सरळ जास्तच झाले असते. तिथे लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल, पूर्ण चार्जला ७.३ व्होल्ट, हा पर्याय काही जाणकार वापरतात, पण स्वतंत्र चार्जर घेऊन आणि जुना चार्जर घरातून हलवून. कारण घरात दोन चार्जर असले की एक दिवस चुकीचा लागतोच. ज्या मशीनांना मुळातच लिथियम पॅक आहे, उदाहरणार्थ सोकियाचा बीडीसी-४६ किंवा लायकाचा जीईबी-२२१, त्यांची गोष्ट निराळी. तिथे बाजारात पॅकच मिळतो, तो घ्यावा, खोलत बसू नये.

सेल घेताना एमएएचचा आकडा बघून भुलू नका. पेन्सिल सेलच्या (एए) मापात खरा निकेल मेटल हायड्राइड सेल २००० ते २८०० च्या दरम्यान असतो. त्यावर ४००० छापलेलं दिसलं तर तो छापणाराच खोटा. तुमच्या पॅकमधला सेल कुठल्या मापाचा आहे ते पॅक उघडल्यावर व्हर्नियरने व्यास आणि लांबी मोजून ठरवा. नुसतं मशीनचं नाव सांगून सेल मागवू नका, एकाच नावाच्या पॅकमध्ये मधल्या वर्षांत सेल बदललेले मी पाहिलेत. नामांकित कंपनीचे, एकाच खेपेचे, टॅब लावलेले सेल मागा. आपोआप कमी उतरणारे, म्हणजे लो सेल्फ डिस्चार्ज प्रकारचे मिळाले तर थोडी कमी क्षमता चालेल पण तेच घ्या. साधे सेल महिनाभर नुसते ठेवले तरी पाचवा हिस्सा किंवा त्याहून जास्त उतरतात. लो सेल्फ डिस्चार्जवाले महिनोन्‌महिने धरून ठेवतात. आपल्यासारख्या आठवड्यातून दोनदा मशीन लावणाऱ्याला हा फरक जाणवतो.

पॅकची खोळ बहुधा चिकटवलेली असते, स्क्रू नसतात. जोडाच्या रेषेवर कटरचं पातं हळूहळू चारी बाजूंनी फिरवा, आत घुसवू नका, एक-दोन मिलिमीटर खोल पुरे. मग कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये कोपरे हलके दाबा, जोड टचकन सुटतो. घाई केली तर पातं सेलमध्ये किंवा वायरमध्ये जातं. उघडल्याबरोबर मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. सेलची दिशा, पट्ट्या कुठून कुठे जातात, आणि मुख्य म्हणजे सेलच्या मध्ये चिकटवलेले ते दोन बारीक मणी कुठे आहेत ते टिपून ठेवा. त्यातला एक थर्मिस्टर, तो चार्जरला पॅकचं तापमान सांगतो. दुसरा थर्मल फ्यूज किंवा आपोआप परत जुळणारा कटआउट. नवा पॅक भरणारे कारागीर हे अडगळ समजून काढून टाकतात आणि वायर थेट जोडतात. थर्मिस्टर नसला तर काही चार्जर चालूच होत नाहीत, आणि जे होतात ते आंधळे चालतात. हे दोन्ही परत त्याच जागी, सेलच्या अंगाला टेकून बसलेच पाहिजेत. पॅक घ्यायला जाल तेव्हा कारागिराकडून त्याचा बंद करण्याआधीचा फोटो मागा.

सेलवर थेट सोल्डर करू नका, करू देऊ नका. कथिल धरायला सेलचं बूड इतकं तापवावं लागतं की आतला पडदा आणि वरचं सील भाजून निघतं. सेल त्या दिवशी चालतो, सहा महिन्यांनी झिरपायला लागतो. स्पॉट वेल्डिंगमध्ये उष्णता क्षणभर आणि टिचभर जागेत असते. शिवाजी उद्यमनगरात फिरलात तर वेल्डिंग म्हणजे फाउंड्री आणि फॅब्रिकेशनचं, ते आपल्या कामाचं नाही. पॉवर टूल, ड्रिल मशीनच्या बॅटऱ्या भरणारे जे कारागीर आहेत त्यांच्याकडे निकेलच्या पट्टीचं छोटं स्पॉट वेल्डर असतं, त्यांना गाठा. पट्टी निकेलची हवी, चुंबकाला लागणारी पण न गंजणारी. निकेलचा नुसता मुलामा दिलेली लोखंडी पट्टी ओळखायला तिच्यावर कानशीने ओरखडा काढून मिठाच्या पाण्यात एक रात्र ठेवा. सकाळी तांबूस डाग दिसला तर परत करा. ही तपासणी आपल्याकडे महत्त्वाची आहे. गगनबावड्याच्या बाजूला काम करणाऱ्याला विचारा, तिथल्या दमट हवेत लोखंडी पट्टी दोन पावसाळ्यांत खाऊन जाते.

खोळ बंद करायच्या आधी लोड लावून एकदा तपासा, मगच चिकटवा. आणि चिकटवताना ध्रुवता परत बघा. पॅक उलटा भरला गेला तर मशीनचा बोर्ड जातो, आणि जुन्या मशीनचा बोर्ड मिळणं पॅक मिळण्याहून कितीतरी अवघड.

नवे सेल पहिल्या चार्जला पूर्ण क्षमता देत नाहीत. पहिलं चार्जिंग सावकाश, क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने करा. २७०० एमएएचला २७० मिलिअँपिअर, चौदा ते सोळा तास. मग तीन-चार वेळा चार्ज करून पूर्ण वापरलात की पॅक रंगात येतो. तुमचा चार्जर मूळ निकेल मेटल हायड्राइडचाच असेल तर काही बदलायची गरज नाही. पण ज्यांचं मशीन त्याहून जुनं, निकेल कॅडमियमचं आहे आणि आता मेटल हायड्राइड सेल भरायचेत, त्यांनी चार्जर तपासून घ्यावा. पॅक भरल्यावर व्होल्टेज खाली येण्याची खूण मेटल हायड्राइडमध्ये फार पुसट असते, जुन्या चार्जरला ती कळत नाही आणि पॅक भाजत राहतो. चार्जिंग संपताना पॅक हाताला कोमट लागणं ठीक. धरवत नसेल इतका गरम झाला तर चार्जर काढा. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी गाडीच्या बोनेटवर किंवा पत्र्याखाली चार्जिंग लावू नका, चाळीस अंशांच्या वर हे सेल नीट चार्ज धरत नाहीत, जास्त तापतात.

आपल्याकडे पॅक मरतात ते मुख्यतः पावसाळ्यात, वापरून नाही तर न वापरून. जूनपासून मशीन पेटीत जातं. मग ऊस तोडला जाऊन रानं मोकळी होईपर्यंत, म्हणजे गळीत हंगाम सुरू झाल्यावरच कामं परत जोरात येतात. उसातून नजर जात नाही, सर्व्हे करणार कसा? या चार-पाच महिन्यांत पॅक मशीनमध्येच राहतो, हळूहळू शून्याला जातो, आणि ऑक्टोबरात काढलं की मेलेला असतो. पावसाळ्यात पॅक मशीनमधून काढून वेगळा ठेवा आणि दर दोन महिन्यांनी एकदा उतरवून परत चार्ज करून ठेवा. मशीनच्या पेटीत सिलिका जेल ठेवा, काचेवर बुरशी बसत नाही. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर माझ्याकडे पाण्यात बुडालेले काही पॅक आले होते. मशीनं धुऊन-वाळवून काही वाचली, पॅक एकही नाही. बुडालेला पॅक वाळवून चार्जिंगला लावू नका.

आता तारीख मागे जाण्याबद्दल, आणि इथे जरा थांबून वाचा. मशीनच्या आत बोर्डावर एक छोटी बॅकअप बॅटरी असते, बहुधा नाण्याच्या आकाराची तीन व्होल्टची. मुख्य पॅक काढलेला असताना घड्याळ आणि मेमरी तीच जिवंत ठेवते. तुमची ती संपत आलीय. आज तारीख जाते, उद्या जॉब, म्हणजे मशीनमध्ये साठवलेली मोजणीची कामं, जातील. जुन्या काही मशीनांमध्ये मोजलेल्या पॉइंटबरोबर मशीनचे स्थिरांक, म्हणजे त्याच्या स्वतःच्या चुकांच्या दुरुस्तीचे आकडेही याच मेमरीत असतात: उभ्या कोनाचा इंडेक्स, कॉलिमेशनची चूक, टिल्ट सेन्सरचा (मशीन किती कललंय ते मोजणाऱ्या भागाचा) शून्य, ईडीएमचा स्थिरांक. बॅटरी काढली की तेही पुसले जाऊ शकतात. सुरुवातीच्या वर्षांत मी एका मशीनची ही बॅटरी घाईत काढली, आकडे न लिहिता. नवी घातली, मशीन चालू झालं, आणि उभे कोन सरळ मिनिटभराने, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाने, चुकायला लागले. ते परत बसवून घ्यायला मशीन पुण्याला पाठवावं लागलं, आणि ज्याचं मशीन होतं त्याचं तीन आठवड्यांचं काम बुडालं. त्याचं नुकसान मी भरून दिलं, पण त्याने दिलेल्या तारखा हुकल्या त्या हुकल्याच.

म्हणून पहिलं काम: मशीनमधले सगळे जॉब आरएस-२३२ केबलने संगणकावर उतरवून घ्या. दुसरं काम: ॲडजस्टमेंटच्या मेनूत जाऊन दिसतील ते सगळे स्थिरांक वहीत लिहा, शिवाय पडद्याचे फोटो काढा. मगच मशीन खोलायचा विषय. आणि आतली बॅटरी कुठल्या जातीची आहे ते तिच्यावर वाचा. सीआर असेल तर ती एकदाच वापरायची, एमएल किंवा व्हीएल असेल तर ती चार्ज होणारी. आकार सारखा म्हणून एमएलच्या जागी सीआर बसवली तर मशीन तिला चार्ज करायला जातं आणि ती फुटते किंवा झिरपते, थेट बोर्डावर. माझा सल्ला असा की बाहेरचा पॅक तुम्ही कारागिराकडून खुशाल भरून घ्या, पण आतली बॅटरी ज्याच्याकडे कॉलिमेटर (मशीनचे कोन तपासायचं उपकरण) आहे अशाच ठिकाणी बदला. खोलताना टिल्ट सेन्सरला धक्का लागला तर ते मशीन लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

कॅलिब्रेशनचा प्रश्न. नुसता बाहेरचा पॅक बदलला तर कोनात किंवा अंतरात काही फरक पडत नाही. तरी मशीन काकांचं, किती वर्षं पेटीत होतं ठाऊक नाही, तेव्हा एकदा तपासून घ्याच. शंभर मीटरवरचा ठळक बिंदू दोन्ही फेसने, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटवून, वाचा. आडव्यात १८० अंशांचा फरक आणि उभ्याची बेरीज ३६० अंश यायला हवी, जितकं कमी-जास्त त्याचं निम्मं ती मशीनची चूक. अंतरासाठी सकाळी लवकर, रस्त्यावर वर्दळ नसताना, एका सरळ रेषेत अ, ब, क असे तीन खिळे मारा. अ-ब ४२.३१६, ब-क ५७.८८४ आणि अ-क १००.२०३ मीटर आलं समजा. तुकड्यांची बेरीज १००.२००, म्हणजे स्थिरांक अधिक तीन मिलिमीटर. खऱ्या अंतराला मशीन दर वेळी तीन मिलिमीटर कमी वाचतंय. प्रिझमचा स्थिरांक चुकीचा घातला असला तरी तो इथे लगेच उघडा पडतो.

पॅकपेक्षा मोठा घोळ होतो तो शेतात पॅक बदलताना. जुन्या बऱ्याच मशीनांना चालू केल्यावर दुर्बीण फिरवून शून्य शोधून द्यावं लागतं, आणि वीज गेली की आडव्या कोनाची दिशा त्यांच्या लक्षात राहत नाही. एकाच जागी मशीन उभं असताना पॅक बदलला तर बॅकसाइट, म्हणजे आधीच्या ठरलेल्या बिंदूकडची नजर, परत घ्या, मशीन काहीही दाखवत असलं तरी. दिशेत कोनाच्या फक्त दहा मिनिटांचा फरक राहिला तर १२० मीटरवर बिंदू सुमारे ३५ सेंटिमीटर सरकतो. दोन भावांच्या गटांमधला बांध ३५ सेंटिमीटरने सरकला तर आपल्याकडे काय होतं हे तुम्हाला सांगायला नको. मी तर पॅक बदलला की वहीत त्या ओळीपुढे खूण करतो आणि बॅकसाइटचं वाचन परत लिहितो.

पॅक तयार होईपर्यंत काम अडलं असेल तर बाहेरून वीज देता येते, पण मशीनच्या बाहेरच्या पोर्टवर किती व्होल्ट लिहिलंय ते वाचूनच. काही मशीनं बारा व्होल्ट घेतात, त्यांना यूपीएसची बारा व्होल्ट सात अँपिअर-तासांची बॅटरी चालते. ट्रायपॉडच्या पायाला पिशवीत अडकवा आणि वायर सैल सोडा, नाहीतर फिरवताना मशीन ओढलं जातं. सात व्होल्टच्या पोर्टला बाईकची बॅटरी थेट लावू नका. मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर घाला आणि मशीनला जोडायच्या आधी मीटरने त्याचं आउटपुट बघा.

काढलेले सेल घंटागाडीत टाकू नका, तुमचे नसले तरी जुन्या पॅकमधले अनेक सेल कॅडमियमचे असतात आणि कॅडमियम विष आहे. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था बॅटरी विकणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवे सेल घेताना जुने परत घेणार का हे विचारा, किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे टोकांना टेप लावून द्या.

तो मेलेला पॅक आधी उघडा, चालणारा नाही. त्यावर हात साफ होईल आणि सेलचं मापही कळेल. उघडल्यावर सहाही सेलचं व्होल्टेज, व्यास आणि लांबी मला लिहून कळवा, सोबत चार्जरच्या पाठीवरच्या लेबलचा मजकूर. चार्जर तोच ठेवायचा की बदलायचा, ते मग नक्की सांगता येईल.